पिशवीतले पाच मासे

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात डिकीज अरीना नावाचं भव्य बंदिस्त स्टेडियम आहे. एरवी तिथे बास्केटबॉल, रोडिओ, गाण्यांचे जलसे चालतात. मार्च 2025 मध्ये मात्र सलग तीन संध्याकाळी तिथे बोटी येत होत्या. पुढे मोटार, मागे ट्रेलर, ट्रेलरवर चकचकीत रंगाची बोट आणि बोटीत उभा असलेला एक माणूस. अंगात जाहिरातींनी भरलेला जर्सीसारखा शर्ट. दिव्यांचा झोत त्याच्यावर, ढणढणतं संगीत, आणि चारी बाजूंच्या खुर्च्यांमधून त्याच्या नावाचा पुकारा. बोट थांबली की हा माणूस वाकतो, बोटीतल्या हौदातून एकेक मासा काढून पाण्याने भरलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवी पोटाशी धरतो आणि मंचाच्या पायऱ्या चढतो. मंचावर तराजू असतो. आकडा उजळेपर्यंत सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं असतं.

त्या रविवारी शेवटचा आकडा उजळला तेव्हा मिनेसोटाचा ईस्टन फॉदरगिल हा 22 वर्षांचा मुलगा बासमास्टर क्लासिक ही मासे पकडण्याची स्पर्धा जिंकला होता. तीन दिवस, पंधरा मासे, 76 पौंड 15 औंस. म्हणजे जवळपास 35 किलो. बक्षीस 3 लाख डॉलर. दीडेक वर्षापूर्वी याच मुलाच्या मेंदूत गळू झालं होतं आणि कवटी उघडून शस्त्रक्रिया करावी लागली होती. आणि ज्या माशांनी त्याला हे सगळं मिळवून दिलं, ते मासे वजन झाल्यावर परत पाण्यात सोडण्यासाठी टाकीत गेले होते.

मासे पकडण्याचं असं स्टेडियम भरवणारं रूप आपल्याला नवलाचं वाटतं. मासे पकडणं हे आपल्या मनात एक तर कोळीबांधवांचं पोटापाण्याचं काम असतं, नाही तर नदीकाठी गळ टाकून दुपार घालवण्याचा नाद. अमेरिकेत तो नाद खेळ झाला, खेळाचा व्यवसाय झाला, आणि या बदलाच्या मुळाशी एक अगदी साधी अडचण होती: मासे पकडणाऱ्याच्या शब्दावर कोणाचाच विश्वास नसतो.

त्याआधी माशाची ओळख करून घेऊ, कारण ‘बास’ म्हटलं की आपल्याकडे दोन घोटाळे होतात. हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळणारे पांढरे काप हे मूळच्या व्हिएतनामकडच्या, मिशा असलेल्या माशाचे. आणि ‘एशियन सी बास’ म्हणजे आपला जिताडा, रायगडच्या खाड्यांमधला, जावयाच्या ताटात वाढला जाणारा. या दोघांचाही इथल्या बासशी संबंध नाही. स्पर्धांमधला बास हा ‘ब्लॅक बास’, गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी. त्यातल्या ‘लार्जमाउथ’चा जबडा मिटल्यावरही डोळ्याच्या मागेपर्यंत पोचतो. ‘स्मॉलमाउथ’ थोडा लहान, पण गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळ्या मारण्यात त्याच्याहून तिखट.

बास दबा धरून शिकार करतो. बुडालेल्या झाडाचा बुंधा, पाणवनस्पतींची कड, धक्क्याखालची सावली अशा जागी तो स्थिर उभा राहतो आणि तोंडासमोरून जाईल ते गिळतो: लहान मासे, बेडूक, क्रॉफिश नावाचे गोड्या पाण्यातले कवचधारी. विशेष म्हणजे पोट भरलेलं असलं तरी डिवचल्यावर तो झेप घेतो. वसंतात नर शेपटीने तळ साफ करून खळगं करतो आणि अंड्यांवर, पिल्लांवर पहारा देतो. तेव्हा तर जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. म्हणूनच खऱ्या खाद्याची गरज न पडता, रबराच्या गांडुळाने किंवा लाकडी माशाने त्याला फसवता येतं. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेत नद्यांवर एकामागून एक धरणं झाली, जंगलं आणि शेतं पाण्याखाली गेली, आणि या दबेखोर माशाला हजारो एकरांची हक्काची घरं मिळाली. दक्षिणेतल्या गावागावात बास पकडणारे तयार झाले. फक्त त्यांच्यात सगळ्यात तरबेज कोण, हे ठरवायची काही सोय नव्हती.

ती सोय करणारा माणूस मासेमारीच्या धंद्यातला नव्हता. रे स्कॉट अलाबामातल्या माँटगोमेरीचा विमा एजंट. मार्च 1967 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी तो मासे पकडायला गेला, पावसाने घोळ केला आणि तो हॉटेलच्या खोलीत अडकला. टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता. तो बघता बघता त्याच्या मनात आलं की बास पकडण्याचीही अशीच देशपातळीवरची स्पर्धा का असू नये? कल्पना सुचणारे पुष्कळ असतात. स्कॉट विमा विकणारा होता, नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावणं हेच त्याचं रोजचं काम होतं. त्याने गावोगावच्या नामांकित मासेमारांची नावं जमवली, प्रत्येकाला फोन केला आणि 100 डॉलर प्रवेश फी मागितली. तीन महिन्यांत, जून 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर 13 राज्यांतले 106 स्पर्धक हजर झाले. टेनेसीचा स्टॅन स्लोन पहिला आला. दुसरा आलेला मेम्फिसचा बिल डान्स. स्पर्धेतला पहिला मासाही त्यानेच पकडला होता, आणि पुढे टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे तो घराघरात पोचला.

पुढच्या वर्षी, 1968 मध्ये, स्कॉटने ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ ही संघटना काढली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की पुन्हा ‘बास’च होतं.

मासेमारीच्या पैजा अमेरिकेत त्याआधीही लागत होत्या, पण त्या बदनाम होत्या. कोणी आदल्या दिवशी पकडून ठेवलेले मासे आणी, कोणी मित्राकडून विकत घेई, कोणी माशाच्या पोटात वजनं भरी. स्कॉटने ओळखलं की बक्षीस कितीही मोठं ठेवलं तरी लोकांचा निकालावर विश्वास नसेल तर सगळं मातीत जाणार. या खेळाचे नियम एकेक करून पाहिले की दिसतं, त्यातला जवळपास प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या लबाडीचं दार बंद करण्यासाठी आहे. मला तरी या खेळाची सगळ्यात मोठी बुद्धिमत्ता तिथेच दिसते.

जुन्या स्पर्धांमध्ये एका बोटीत दोन अनोळखी स्पर्धक चिठ्ठी टाकून बसवले जात. दिवसभर दोघे एकमेकांवर नजर ठेवून. आज वरच्या पातळीवर प्रत्येक बोटीत ‘मार्शल’ असतो: तो मासे पकडत नाही, फक्त बघतो आणि नोंद ठेवतो. स्पर्धेच्या आधी ठरावीक काळ तो तलाव स्पर्धकांना बंद असतो. सरावाचे दिवस मोजून दिलेले, आणि त्या काळात स्थानिक माणसाकडून ‘मासे कुठे लागतायत’ हे विचारणंही गुन्हा. जिवंत आमिष चालत नाही, कृत्रिमच हवं. एका वेळी एकच गळ पाण्यात. ठरलेल्या लांबीपेक्षा, बहुतेक ठिकाणी 12 इंचांपेक्षा, लहान मासा मोजला जात नाही. आणि हे सगळं करूनही शंका उरली तर विजेत्याला लाय डिटेक्टरच्या यंत्रापुढे बसवता येतं. प्रवेश अर्जावर सही करतानाच स्पर्धक त्याला संमती देतो. क्रिकेटच्या सामनावीराला करंडक देण्याआधी असं यंत्र लावलं तर काय गहजब होईल! इथे मात्र ती रीतच आहे, आणि खेळाडूंना त्यात अपमान वाटत नाही.

घड्याळही तसंच कडक. सकाळी क्रमांकाने बोटी सुटतात, 250 अश्वशक्तीपर्यंतची इंजिनं पाणी कापत निघतात. मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट घातलेलं असलंच पाहिजे आणि माणूस बोटीतून फेकला गेला तर इंजिन आपोआप बंद पाडणारी दोरी अंगाला जोडलेली हवी. परतीची वेळ ठरलेली. एक मिनिट उशीर झाला की दिवसाच्या वजनातून एक पौंड वजा, दोन मिनिटांना दोन पौंड. पंधरा मिनिटांच्या पुढे गेला की दिवसभराची कमाई शून्य. इंजिन बिघडलं, धुकं आलं ही कारणं चालत नाहीत. अनुभवी खेळाडू म्हणूनच दुपारी परतीच्या वाटेवरच्या जागा निवडतात.

पण खेळाचा गाभा आहे तो पाच माशांच्या मर्यादेत. दिवसाला फक्त पाच. ही मर्यादा बोटीत कशी काम करते ते पाहू.

सकाळचे दहा वाजलेत. हौदात पाच मासे पोहतायत. बोटीतल्या या हौदाला ‘लाइव्हवेल’ म्हणतात. पंप सतत ताजं पाणी आणि हवा खेळती ठेवतो. प्रत्येक माशाच्या ओठाला वेगळ्या रंगाची छोटी क्लिप अडकवलेली आहे: लाल, पिवळी, निळी, हिरवी, पांढरी. कुठल्या रंगाचा किती वजनाचा हे खेळाडूने मनात किंवा पट्टीवर टिपलेलं असतं. आता सहावा मासा लागतो. हातात घेताच त्याला वाटतं, निळ्यापेक्षा हा मोठा. छोट्या दांडीच्या तराजूला एका बाजूला निळ्या क्लिपवाला, दुसऱ्या बाजूला नवा लटकवतो. दांडी नव्याच्या बाजूला झुकली की निळी क्लिप काढून नव्याला लावायची आणि जुना पाण्यात. पुन्हा गळ टाकायच्या आधी हा हिशेब पुरा व्हायला हवा. दिवसभरात असं दहादा, पंधरादा होतं. दांडी कधी एखाद्या औंसानेच झुकते. बघणाऱ्याला ही भातुकली वाटेल, पण कारकिर्दी याच दांडीवर ठरल्या आहेत.

पाचाच्या मर्यादेमुळे डावपेचांचा प्रश्न उभा राहतो. लहान मासे हमखास मिळणाऱ्या जागी जाऊन आधी पाचाचा आकडा पुरा करायचा, की पहिल्यापासून मोठ्याच्या मागे लागून रिकाम्या हाताने परतण्याचा धोका घ्यायचा? सूर्य चढला तसे मासे खोल जातील का? वारा फिरला तर छोट्या माशांची झुंड कुठल्या काठाला ढकलली जाईल? बुडालेल्या झाडांना घासणारा स्पिनरबेट टाकायचा, तळाला ठेचकाळत जाणारा जिग, की पाण्यावर उड्या मारणारा रबरी बेडूक? एका बोटीत दहा-पंधरा रॉड तयार बांधून ठेवलेले असतात ते याच प्रश्नांची उत्तरं म्हणून. एप्रिल 2008 मध्ये टेक्सासच्या फाल्कन लेकवर मिसिसिपीच्या पॉल एलायसला ही उत्तरं चार दिवस अचूक सापडली: वीस मासे, 132 पौंड 8 औंस. म्हणजे सरासरी तीन किलोचा एकेक मासा.

सुरुवातीच्या वर्षांत पकडलेले मासे मरत. दोरीत ओवलेल्या मेलेल्या माशांच्या माळा धरून खेळाडू छायाचित्रं काढून घेत. तलावाकाठची माणसं कुरकुरू लागली की हे बाहेरचे लोक येऊन आमचं पाणी रिकामं करतायत, आणि त्यात तथ्य होतं. स्कॉटने कोलोरॅडोत ट्राउट पकडणाऱ्यांना पाहिलं होतं: मासा हातात घ्यायचे, निरखायचे आणि आनंदाने सोडून द्यायचे. 1972 मध्ये त्याने आपल्या स्पर्धांमध्ये ‘डोन्ट किल युअर कॅच’, म्हणजे ‘पकडलेला मासा मारू नका’, ही मोहीम सुरू केली. बोटीत हवा खेळवणारा हौद सक्तीचा झाला. मेलेल्या माशामागे वजनातून कपात सुरू झाली. आज बहुतेक स्पर्धांमध्ये ती 4 औंस, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम असते.

हे नुसतं नियमात राहिलं नाही. स्पर्धेतले नायक मासा सोडतात हे पाहून लाखो हौशी मासेमार सोडू लागले. माझ्या मते रे स्कॉटचं खरं कर्तृत्व हेच. त्याआधी, 1970 मध्ये, त्याने नद्यांमध्ये घाण सोडणाऱ्या दोनशेहून अधिक कंपन्यांविरुद्ध खटले भरले होते, 1899 सालचा एक विस्मरणात गेलेला कायदा शोधून काढून. मे 2022 मध्ये 88 व्या वर्षी तो गेला, तेव्हा तो खेळाचा जनक म्हणून ओळखला जात होता. पाण्याचा कैवारी म्हणूनही त्याची आठवण ठेवायला हवी.

अर्थात सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. कडक उन्हाळ्यात, तापलेल्या पाण्यात, दिवसभर हौदात राहून मंचावर मिरवलेले मासे नंतर काही दिवसांनी दगावतात. खोल पाण्यातून झटकन वर काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि त्याला खाली जाता येत नाही. म्हणून हौदात बर्फ टाकणं, वजनाच्या रांगेत पाण्याच्या टाक्या ठेवणं, खास बोटीने मासे तलावात दूरवर नेऊन सोडणं अशा काळज्या घेतल्या जातात.

स्कॉटने 1971 मध्ये क्लासिक सुरू केली तीही त्याच्या खास विक्रेत्याच्या ढंगाने. मोसमातले सर्वोत्तम 24 खेळाडू विमानात बसवले आणि कुठे जायचंय ते सांगितलंच नाही. विमान आकाशात गेल्यावर घोषणा झाली: नेवाडाचं लेक मीड! कोणाला आधी जाऊन जागा हेरता आली नाही, प्रत्येकाला सोबत फक्त 10 पौंडांचं सामान. पहिल्याला 10 हजार डॉलर, बाकी कोणाला काही नाही. आर्कान्साचा बॉबी मरे जिंकला. आता क्लासिकचं ठिकाण कितीतरी आधी जाहीर होतं, कारण शहरंच तिला बोलावण्यासाठी चढाओढ करतात.

या स्पर्धेच्या इतिहासात एक नाव फार हळवेपणाने घेतलं जातं. ब्रायन कर्चल हा कनेटिकटमधल्या न्यूटाउनचा तरुण, हॉटेलात झटपट पदार्थ बनवणारा आचारी. गावच्या हौशी क्लबांच्या वाटेने तो 1993 च्या क्लासिकपर्यंत पोचला आणि शेवटचा आला. पुढच्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा आला. 1994 मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या हाय रॉक लेकवर, 23 व्या वर्षी, नामवंत व्यावसायिकांना मागे टाकून तो जिंकला. फरक होता फक्त 4 औंसांचा. आजच्या नियमाने एक मासा मेला तर तेवढंच वजन कापलं जातं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॅले-डरहॅमजवळच्या विमान अपघातात तो गेला. हौशी क्लबांमधून येऊन क्लासिक जिंकणारा दुसरा कोणी आजवर झालेला नाही.

आणि ताकाहिरो ओमोरी. जपानमधून 1992 मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, बास पकडण्यासाठी अमेरिकेत आला. पैसे नव्हते म्हणून गाडीतच झोपे. बारा वर्षांनी, 2004 मध्ये, लेक वायलीवर क्लासिकच्या शेवटच्या दिवशी, वेळ संपायला काही मिनिटं उरली असताना त्याला मोठे मासे लागले आणि तो क्लासिक जिंकणारा पहिला जपानी ठरला. या खेळात वयही आड येत नाही. चार वेळा क्लासिक जिंकलेल्या रिक क्लनने 2019 मध्ये फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीवर मोठी स्पर्धा मारली तेव्हा तो 72 वर्षांचा होता. मिशिगनच्या केव्हिन व्हॅनडॅमचीही चार जेतेपदं. 2023 च्या मोसमानंतर तो थांबला.

बायकांसाठी दार उशिरा उघडलं. शुगर फेरिस या बाईंनी 1976 मध्ये ‘बासन गॅल’ ही स्त्रियांची स्वतंत्र साखळी सुरू केली आणि ती दोन दशकांहून अधिक काळ चालवली. पुरुषांच्या मुख्य स्पर्धेत पहिली स्त्री, वोजाई रीड, उतरली ती 1991 मध्ये, आणि क्लासिकमध्ये पहिली स्त्री, मूळची ऑस्ट्रेलियाची किम बेन-मूर, 2009 मध्ये. ज्या खेळात ताकदीपेक्षा नजर आणि धीर लागतो, तिथे एवढा उशीर व्हायला काहीच कारण नव्हतं.

व्यावसायिक होण्याची वाट कशी असते? शाळा आणि कॉलेजांचे संघ असतात. इलिनॉय राज्याने 2009 मध्ये शालेय क्रीडास्पर्धांत बास फिशिंगला अधिकृत स्थान दिलं. त्यापुढे ‘ओपन’ स्पर्धा, जिथे फी भरून कोणीही उतरू शकतो. तिथे मोसमभर वर राहिलेल्यांना ‘एलिट सिरीज’मध्ये प्रवेश. 2006 पासून चाललेली ही साखळी म्हणजे शंभराच्या आसपास खेळाडू, फेब्रुवारी ते उन्हाळा असा देशभर फिरणारा तांडा. एकेक स्पर्धा चार दिवसांची: दोन दिवसांनंतर पहिले पन्नास उरतात, शेवटच्या दिवशी दहा. पहिलं बक्षीस 1 लाख डॉलर.

हा आकडा ऐकून डोळे दिपतात, पण हिशेब नीट मांडायला हवा. एलिटच्या खेळाडूला मोसमाची प्रवेश फीच हजारो डॉलर भरावी लागते. बोट, तिला ओढणारी गाडी, पेट्रोल, राहणं, खाणं वेगळं. पन्नासाच्या खाली राहिलेल्याच्या हाती त्या आठवड्यात फारसं काही उरत नाही. शर्टावरची ती बोटींची, इंजिनांची, गळांची चिन्हं म्हणजे खरी मिळकत. त्यामुळे मासे पकडण्याइतकंच कॅमेऱ्यासमोर बोलणंही यावं लागतं. कित्येक जण गाडीमागे राहायची कॅराव्हॅन जोडून कुटुंबासह मोसम काढतात.

या साखळ्यांमध्ये एकदा मोठी फूटही पडली. रेंजर बोटींचे संस्थापक फॉरेस्ट एल. वुड यांच्या नावाची एफएलडब्ल्यू ही दुसरी बलाढ्य साखळी 1990 च्या दशकापासून चालू होती. 2007 मध्ये तिने आर्कान्साच्या स्कॉट सग्सला 10 लाख डॉलरचं बक्षीस दिलं. मग 2019 मध्ये ‘मेजर लीग फिशिंग’ या संघटनेने ‘बास प्रो टूर’ ही साखळी सुरू केली आणि व्हॅनडॅमसह जुन्या साखळीतले कितीतरी तारे उचलले. त्यांचा खेळच निराळा. हौद नाही, पिशवी नाही, मंच नाही. ठरावीक वजनावरचा प्रत्येक मासा मोजायचा, बोटीतल्या पंचासमोर तिथल्या तिथे वजन करून लगेच सोडायचा. दुसऱ्या बोटींचे आकडे खेळाडूला मिनिटागणिक कळत राहतात. मासा हातातून सुटून बोटीच्या तळावर पडला तर शिक्षा म्हणून दोन मिनिटं गळ टाकायची नाही. 2023 मध्ये त्यांनीही पाच माशांची मर्यादा आणून पाहिली, पण पुढच्या वर्षी ‘प्रत्येक मासा मोजा’ याच नियमावर परत आले. माशाच्या दृष्टीने हीच पद्धत अधिक भली आहे, यात शंका नाही. तरी पिशवी घेऊन पायऱ्या चढणाऱ्या माणसाकडे बघण्यात जी उत्कंठा आहे, ती पडद्यावरच्या आकड्यांना येत नाही.

लबाडी मात्र पूर्ण थांबलेली नाही. 2009 मध्ये टेक्सासच्या एका तलावावर एकाने बासच्या पोटात पौंडभर शिसं घातलं. पकडला गेला आणि तुरुंगात जाऊन आला. सप्टेंबर 2022 मध्ये ओहायोत क्लीव्हलँडला, लेक ईरीवरच्या वॉलाय नावाच्या माशाच्या स्पर्धेत, दोघांचे मासे दिसायला बारीक आणि तराजूवर जड निघाले. संचालकाने सगळ्यांदेखत सुरीने पोट चिरलं तर आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे बाहेर पडले. जमाव इतका खवळला की त्या दोघांना सांभाळून बाहेर काढावं लागलं. बक्षीस होतं सुमारे 30 हजार डॉलरचं. कोर्टाने दहा दिवसांची कैद दिली, बोट जप्त झाली आणि मासेमारीचा परवाना तीन वर्षांसाठी गेला.

सध्याचा वाद लबाडीचा नाही, यंत्राचा आहे. 2018 मध्ये गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ नावाचं सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, बाजारात आणलं. जुनं सोनार बोटीखालचं पाणी दाखवायचं, तेही क्षणभर मागचं. हे नवं यंत्र बोटीच्या पुढचं पाणी त्याच क्षणी दाखवतं. शंभर फुटांवर उभा असलेला एकेक मासा, त्याच्याकडे जाणारं आपलं आमिष, मासा वळला, पाठलाग केला, तोंड लावलं की नाही, सगळं पडद्यावर. फॉदरगिलच्या पिढीतले तरुण त्यात वाढलेले, म्हणून ते झपाट्याने वर आले. ज्यांनी तीस वर्षं काठ वाचून, वारा ओळखून, पाण्याचा रंग पाहून विद्या मिळवली, त्यांना वाटतं की हा टीव्हीवरचा खेळ झाला. तरुणांचं म्हणणंही खोटं नाही: मासा दिसला म्हणून तो आमिष घेतोच असं नाही, आणि 1957 मध्ये कार्ल लोरान्सचं पहिलं सोनार आलं तेव्हाही जुन्यांनी नाकं मुरडली असतील.

2025 च्या मोसमात एलिट सिरीजने असं एकच यंत्र आणि बोटीवरच्या सगळ्या पडद्यांची मिळून मर्यादा 55 इंच ठरवली. बास प्रो टूरने दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात ते वापरू दिलं. बंधन हवंच, असं मला वाटतं. स्कॉटने जिवंत आमिषावर बंदी घातली तेव्हा जिवंत आमिषाने मासे जास्त लागतात हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तर बंदी घातली.

राहिला जगातला सगळ्यात मोठा लार्जमाउथ. 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोचा बास पकडला. दुकानातल्या काट्यावर तोलला आणि घरी नेऊन खाल्ला. दिवस मंदीचे होते. तो विक्रम 77 वर्षं एकट्या पेरीचा राहिला. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याच्यापेक्षा जेमतेम एक औंस जास्त भरेल असा मासा काढला. जागतिक संघटनेच्या नियमानुसार विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो. म्हणून कुरिताला लाय डिटेक्टरची परीक्षा देऊनसुद्धा बरोबरीच मिळाली, आणि आजही विक्रमाच्या यादीत दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.

कुरिताने आमिष म्हणून जिवंत ब्लूगिल मासा वापरला होता, जो कुठल्याही बास स्पर्धेत चालला नसता. आणि बिवातली गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. बास हा जपानचा मासा नाही. 1925 मध्ये तो अमेरिकेहून आणून आशी सरोवरात सोडला गेला. ब्लूगिल आला 1960 मध्ये, तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी दिलेली भेट म्हणून. सम्राट झाल्यावर, 2007 मध्ये, अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. दोन्ही परक्या माशांनी मिळून सरोवरातल्या मूळच्या लहान माशांचा फडशा पाडला. उजनीच्या जलाशयात चिलापीने काय केलं हे भिगवणच्या मच्छीमारांना विचारलं तर जपान्यांचं दुःख समजायला वेळ लागणार नाही. बिवा ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे 2003 पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. सरोवराच्या काठावर जागोजागी पेट्या ठेवल्या आहेत. मासा सोडायचा नाही, त्या पेटीत टाकायचा.